परसबागेचे शास्त्र (लेखांक ११) : बियांसाठी राखलेला वेल

ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमावाचून पिकलेल्या भाजीचा मान म्हणून परसाकडे वळलेले घरातील लक्ष पितृपक्ष संपेपर्यंत तेथून हलत नाही, आणि हलावे तरी कसे? दोडकी, पडवळे, काकड्या, भेंडी ही सारी याच दिवसांत भराला येतात. आज खुडलेल्या भेंडीच्या जागी परवा पुन्हा तितकीच भेंडी तयार असते, आणि श्राद्धाच्या स्वयंपाकाने, शेजारधर्माने व नातलगांकडे धाडलेल्या पिशव्यांनीही ती शिल्लक संपत नाही. बियाण्याची तजवीज करावयाची ती नेमकी या सुकाळातच केली पाहिजे, असा माझा आग्रह आहे. कारण बहुतेक घरांतून तिचा विचार हंगाम उलटल्यावर, म्हणजे निवडण्याजोगे काहीच हाती उरले नसताना, केला जातो.

प्रचलित वहिवाट अशी की, वेलाला जे लागेल ते खुडून खावे, आणि शेवटी पानांआड नजरेतून सुटून जून झालेले जे एखादे फळ सापडेल ते बियांसाठी टांगून ठेवावे. असे बी उगवत नाही असे नाही. परंतु ते ज्या फळातले असते ते थकलेल्या, बहुधा भुरीने ग्रासलेल्या वेलावर अखेरीस धरलेले असते, आणि वर्षानुवर्षे हाच क्रम चालू राहिला म्हणजे लवकर व भरघोस फळणाऱ्या वेलांची संतती आपण भाजी करून संपवतो व उशिरा फळणाऱ्यांची तेवढी पुढे चालवतो. निवड ही केली तरी होते आणि न केली तरी होतेच. न केलेली निवड मात्र सहसा आपल्या हिताची नसते.

यावर कोणी म्हणेल की, मग पहिलेच उत्तम फळ वेलावर राखावे आणि बाकीची खुडीत जावे. येथे वनस्पतीचा एक स्वभावधर्म आड येतो. फळातील बी पक्व होऊ लागले की वेल आपले पोषण तिकडे वळवतो आणि नव्या फळांची धारणा मंदावते. काकडी, दोडका व भेंडी यांत हा परिणाम विशेष स्पष्ट दिसतो. म्हणून खाण्याचा वेल आणि बियांचा वेल हे आरंभापासूनच निरनिराळे ठरवावेत. ज्याची वाढ निकोप, ज्याला फळ लवकर व मनाजोगते, असा एक वेल किंवा भेंडीची दोनचार झाडे रंगीत दोरा बांधून राखून ठेवावीत, आणि घरातील सर्वांना, विशेषतः सकाळी भाजी खुडणाऱ्या व्यक्तीला, त्याची समज द्यावी.

राखलेल्या वेलाच्या बियांत परक्या जातीचा अंश शिरू नये, हा पुढचा प्रश्न. वाल, चवळी, घेवडा, मेथी आणि टोमॅटो यांचे परागीभवन बहुतांशी फुलातल्या फुलात होत असल्यामुळे त्यांच्याविषयी फारशी चिंता नको. वेलभाज्यांचे तसे नाही. त्यांची नर व मादी फुले वेगळी असतात आणि मधमाशी शेजारच्या वाडीतील पराग सहज आणून टाकते. मात्र कारल्याशेजारी लावल्याने काकडी कडू होते, ही समजूत निराधार आहे, कारण त्या दोहोंत संकर होतच नाही. संकर होतो तो काकडीच्या दोन जातींत, किंवा दुधीच्या दोन जातींत. त्याला उपाय हातपरागणाचा. दुधीची पांढरी फुले सायंकाळी उमलतात, काकडीची व लाल भोपळ्याची सकाळी. उमलण्यापूर्वीच नर व मादी कळ्या दोऱ्याने हलकेच बांधाव्यात, उमलण्याच्या वेळी नर फुलाच्या पाकळ्या काढून त्याचा पराग मादी फुलाच्या मध्यभागी टेकवावा, आणि मादी फूल पुन्हा बांधून टाकावे. मादी फूल ओळखणे सोपे आहे, कारण पाकळ्यांखाली इवलेसे फळ आधीच दिसत असते. दुधीच्या बाबतीत आणखी एक दक्षता अत्यावश्यक आहे: ज्या वेलाचे फळ कडू लागले त्याचे बी धरू नये, आणि ते फळ खाण्यातही आणू नये, कारण तो कडूपणा विषारी द्रव्याचा असतो. 

संकरित बियाण्यापासून वाढलेल्या झाडाचे बी धरण्याचा खटाटोप मात्र व्यर्थ होय, कारण मेंडेलने वाटाण्यावर दाखवून दिल्याप्रमाणे पुढच्या पिढीत एकत्र आलेले गुण पुन्हा विखुरतात. बियाणे धरावयाचे ते देशी वाणाचे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे यांनी अशा गावरान वाणांची पेढीच आपल्या घरात उभी केली, आणि २०२० साली त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. शाळेची पायरी न चढलेल्या एका शेतकरी स्त्रीने ही अनमोल ठेव राखली, हे प्रत्येक परसबागधारकाने आदराने लक्षात ठेवावे. आपले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि छापाच्या नावावाचून विकण्याचाही शेतकऱ्याचा हक्क २००१ च्या कायद्याने मान्य केलेला आहे.

बी काढण्याच्या रीती फळागणिक वेगळ्या. भेंडी झाडावरच तडकू लागेपर्यंत वाळू द्यावी. दोडका व दुधी आत बी खुळखुळेपर्यंत. काकडी पिवळी पडेपर्यंत. टोमॅटोच्या बियांभोवती जो बुळबुळीत थर असतो तो उगवण रोखतो, म्हणून गर दोनतीन दिवस आंबवून, मग बी धुऊन सावलीत वाळवावे. वाळण्यात कसूर राहता कामा नये: बियांतील ओलावा शेकडा एकाने उतरला म्हणजे त्यांचे आयुष्य, काही मर्यादेपर्यंत, सुमारे दुपटीने वाढते, असा बीजशास्त्राचा ठोकताळा आहे. बी दाताखाली वाकता कामा नये. ते कटकन तुटले पाहिजे. वाल व चवळी यांना लागणारा भुंगा शेतातच शेंगांवर अंडी घालून घरात येत असल्यामुळे ही बियाणी कडक उन्हात तापवून, चाळलेल्या राखेत मिसळून, मडक्यात ठेवण्याची जुनी पद्धत आजही निर्दोष आहे.

उरलेल्या भाजीच्या बेगमीविषयी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. भाद्रपदाच्या दमट हवेत वाळवण घालू नये. बुरशी धरते आणि सारा माल हातचा जातो. गवारीच्या शेंगा ताकात भिजवून, मिरच्या चिरून मीठ, मेथी व हिंग यांसह दह्यात मुरवून, उन्हात टाकावयाच्या त्या आश्विनातील ऊन तापल्यावरच. तोवर दोडक्याच्या शिरांची आणि पडवळाच्या कोवळ्या बियांची चटणी हाताशी आहेच. कोकणातील तवशाचा, म्हणजे मोठ्या काकडीचा, प्रकार मात्र या सर्वांहून सुखाचा. पिकलेले तवसे आढ्याला टांगले तर कितीतरी दिवस टिकते, आणि फोडले म्हणजे बी धुऊन पुढच्या सालासाठी ठेवता येते व गर किसून, तांदळाचा रवा आणि गूळ घालून, त्याचे धोंडस करता येते. दुधी व दोडका ज्या वयात बी देतात त्या वयात ते खाण्यास निरुपयोगी झालेले असतात. तवसे, लाल भोपळा व कोहळा यांत एकाच फळातून दोन्ही लाभ पदरात पडतात, म्हणून ज्यांच्याकडे जागा एकाच वेलापुरती आहे त्यांनी बियाणे धरण्यास या तिघांपैकी एकापासून आरंभ करावा.

भरलेल्या प्रत्येक पुडीवर वाणाचे नाव, कोणाकडून मिळाले ते, आणि साल लिहावे. कांद्याचे बी वर्षभरातच निःसत्त्व होते, टोमॅटो व वांग्याचे चार वर्षे राहू शकते. तेव्हा वैशाखाच्या अखेरीस प्रत्येक पुडीतील वीस बिया ओल्या फडक्यात गुंडाळून आठवडाभर ठेवाव्यात, आणि दहांहून कमी उगवल्या तर शेजाऱ्याकडून नवे बी मागून आणण्यास मृगापूर्वी पुरेशी मुदत मिळते.