सतरंजीवरची बैठक मोबाइलवर येते तेव्हा

२४ मार्च २०२० च्या मध्यरात्री देशभर टाळेबंदी लागू झाली आणि माणसांनी एकत्र जमण्यावरच बंदी आली. पुण्या-मुंबईतील महिला उद्योजक, वकील, डॉक्टर यांच्या मंडळांनी काही आठवड्यांतच आपली स्नेहमंडळे, व्याख्याने आणि परिचयमेळावे संगणकाच्या पडद्यावर नेले. झूमची फुकट मिळणारी चाळीस मिनिटे संपली की पुन्हा नव्याने जोडून घ्यायचे, एवढीच काय ती अडचण. त्या दिवसांवर शहरातून भरपूर लिहिले गेले. राज्याच्या पूर्व टोकाला, चंद्रपूर आणि गडचिरोली या अरण्यप्रदेशात, आणखी काही हजार स्त्रियांच्या बैठकाही त्याच रात्री बंद पडल्या होत्या. त्यांच्याविषयी मात्र फारसे कोणी लिहिले नाही.

या स्त्रिया म्हणजे आशा सेविका, अंगणवाडी सेविका, बचत गटांच्या अध्यक्ष व सचिव, कृषी सखी, पशुसखी आणि बँक सखी. आपण शहरी माणसे यांना ‘प्रोफेशनल’ म्हणत नाही. तो शब्द आपण कार्यालयात जाणाऱ्यांसाठी राखून ठेवला आहे. पण प्रशिक्षण घेतलेली, ठरलेली जबाबदारी असलेली, वह्या-नोंदी ठेवणारी आणि आपल्यासारख्याच इतरजणींना भेटून शहाणपण वाढवणारी स्त्री व्यावसायिक नसेल, तर मग व्यावसायिक कोणाला म्हणायचे? महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे ‘माविम’, १९७५ साली स्थापन झाले. राज्याचे ‘उमेद’ अभियान २०११ पासून सुरू झाले. या दोन्ही यंत्रणांचा सारा डोलारा एका साध्या गोष्टीवर उभा आहे : ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या ठिकाणी होणारी बैठक.

ही बैठक पडद्यावर नेता येते का, हा प्रश्न टाळेबंदीबरोबर संपला नाही. साथ ओसरल्यानंतरही प्रवासाचा खर्च आणि वेळ वाचतो म्हणून ऑनलाइन बैठकांचा प्रघात सरकारी यंत्रणांत टिकून राहिला. तेव्हा या बैठकीत नेमके काय घडते, हे आधी समजून घेतले पाहिजे.

बचत गटात साधारणपणे दहा ते वीस स्त्रिया असतात. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि व्यवस्थित हिशेब अशी गटांची पंचसूत्री आहे, आणि त्यात बैठकीचे स्थान पहिले आहे. सतरंजीवर गोल करून बसायचे. प्रत्येकीने आपली बचत सर्वांच्या देखत मध्ये ठेवायची. ती मोजली जाते, नोंदवहीत लिहिली जाते, सह्या किंवा अंगठे होतात. कोणाला कर्ज हवे असेल तर ती ते सर्वांसमोर मागते, कशासाठी हवे ते सांगते आणि इतरजणी ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणतात. इथे तारण नसते. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मागितलेला आणि दिलेला शब्द हेच तारण. बँकादेखील गटाला कर्ज देण्यापूर्वी गटाची प्रतवारी करताना बैठका वेळेवर झाल्या का, हजेरी किती होती, हे वहीतून पाहतात. ‘नाबार्ड’ने १९९२ मध्ये पाचशे गटांपासून बँकजोडणीचा जो प्रयोग सुरू केला, त्याचा पाया ही वहीच होती. टाळेबंदीच्या पहिल्याच आठवड्यात, २६ मार्च २०२० रोजी, केंद्र सरकारने गटांच्या विनातारण कर्जाची मर्यादा दहा लाखांवरून वीस लाख रुपये केली. कर्जाची वाट रुंद झाली खरी; पण त्या वाटेवर पाऊल टाकण्यासाठी लागणारी बैठक त्याच आठवड्यात बेकायदा ठरली होती.

बैठकीचे दुसरे काम कोणत्याही परिपत्रकात लिहिलेले नसते. अनेक घरांत सुनेला विनाकारण उंबरठा ओलांडता येत नाही. ‘गटाची मीटिंग आहे’ हे मात्र सासरच्यांना मान्य असलेले कारण असते. तालुक्याच्या बैठकीला जायचे म्हणजे एसटीचा प्रवास, शेजारच्या गावच्या सेविकेशी वाटेत होणारे बोलणे, जेवणाच्या सुट्टीत उघडलेले डबे. नवऱ्याच्या दारूचा विषय, मुलीच्या लग्नाची घाई, कोणत्या अधिकाऱ्याकडे काम अडले आहे आणि ते कसे सुटेल, हे सगळे विषयपत्रिकेत नसते. ते डब्याभोवती निघते. चंद्रपूर जिल्ह्यातील स्त्रियांनी दारूबंदीसाठी डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरपर्यंत पायी मोर्चा नेला. असे संघटन एका दिवसात उभे राहत नाही. गावोगावच्या स्त्रिया एकमेकींना आधीपासून ओळखत असाव्या लागतात. (१ एप्रिल २०१५ पासून लागू झालेली ती बंदी २०२१ मध्ये उठली, हा भाग वेगळा.) मोबाइलच्या पडद्यावर विषयपत्रिका येते, डबा येत नाही.

याचा अर्थ ऑनलाइन बैठक निरुपयोगी आहे असा मुळीच नाही, आणि या प्रदेशाचा नकाशा पाहिला तर तिची गरज पुण्यापेक्षा इथेच जास्त आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा आहे आणि त्याचा बहुतांश भाग वनाच्छादित आहे. सिरोंच्याहून गडचिरोली सुमारे दोनशे किलोमीटर. जिल्ह्याच्या ठिकाणी दोन तासांच्या बैठकीसाठी यायचे तर पहाटे निघून रात्री परतायचे, किंवा मुक्कामच करायचा. चंद्रपूरच्या बाजूला ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या तालुक्यांत अडचण वेगळीच आहे. तिथे अंतर कमी असले तरी संध्याकाळी उशिरा एकट्याने गावाकडे चालत जाणे वाघामुळे धोक्याचे झाले आहे. मोहफुले आणि तेंदूपाने गोळा करायला गेलेल्यांवर झालेल्या हल्ल्यांच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. अशा ठिकाणी ‘लिंक पाठवतो, घरूनच जोडा’ हे वाक्य कोणाही सेविकेला दिलासाच वाटेल.

पण जोडायचे कशाने? इथे थोडा तांत्रिक तपशील समजून घेणे आवश्यक आहे. माओवादप्रभावित भागांसाठी केंद्राने २०१४ मध्ये मंजूर केलेल्या पहिल्या टप्प्यातील मनोरे टूजी तंत्राचे होते. टूजीवर बोलणे नीट होते. चित्र जात नाही. देशभरातील अशा २,३४३ ठिकाणांचे फोरजीमध्ये रूपांतर करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने २७ एप्रिल २०२२ रोजी घेतला. म्हणजे साथीची दोन्ही मोठी वर्षे उलटून गेल्यावर! त्याआधी, १७ नोव्हेंबर २०२१ रोजी, महाराष्ट्रासह पाच राज्यांच्या आकांक्षित जिल्ह्यांतील ७,२८७ गावांना फोरजी देण्याची योजना मंजूर झाली होती. गडचिरोलीची गणना आकांक्षित जिल्ह्यांतच होते. मंजुरी आणि मनोरा यांच्यामधले अंतर जंगलात किती असते, हे वेगळे सांगायला नको.

मनोरा आला तरी फोन कोणाचा, हा पुढचा प्रश्न. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील ५७.१ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचे सांगितले. स्त्रियांत हे प्रमाण ३३.३ टक्के होते. स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रिया ५४ टक्क्यांच्या आसपास होत्या. हे सरासरी आकडे आहेत, त्यात महानगरेही आली. खेड्यात घरातला एकुलता स्मार्टफोन बहुधा मुलाकडे असतो आणि मुलगा रानात किंवा गावाबाहेर असला की बैठकही बाहेर असते. शिवाय घरातून बोलायचे म्हणजे सासू, दीर, नवरा यांच्या कानांवर पडेल असेच बोलायचे. सतरंजीवर जी बाई कर्जाचे खरे कारण सांगते, ती ओसरीत बसून फोनवर ते सांगेलच असे नाही.

भाषेचा मुद्दा तर शहरातून लक्षातच येत नाही. गडचिरोलीत मराठीबरोबर गोंडी आणि माडिया बोलली जाते, उत्तरेकडे व पूर्वेकडे छत्तीसगढी, सिरोंच्याकडे तेलुगू, आणि चामोर्शी-मुलचेरा भागातील पुनर्वसित वस्त्यांत बंगाली. प्रत्यक्ष बैठकीत शेजारी बसलेली बाई कानाशी लागून अर्थ सांगते आणि काम भागते. ऑनलाइन बैठकीत कुजबुजायला जागाच नसते. एक बोलतो, बाकीचे ऐकतात, आणि न समजलेली बाई गप्प राहते. हे गप्प राहणेही तपासून पाहावे लागते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घेण्याची पद्धत रुजवली. सर्वसहमतीच्या सभेत न बोलणाऱ्याकडे वळून ‘तुझे काय म्हणणे आहे?’ असे विचारावेच लागते. पडद्यावर बंद माइकची खूण दिसते, पण ती संमती आहे, नाराजी आहे की गेलेली रेंज आहे, हे कळायला मार्ग नाही.

सरकारी यंत्रणेने या बाबतीत काय केले, हे पाहिले की थोडा राग येतो. अंगणवाडी सेविकांच्या हाती फोन दिले गेले आणि १ मार्च २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’ हे अ‍ॅप आले. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातील सेविकांनी ते फोन शासनाला परत करण्याचे आंदोलन केले : फोनची क्षमता अपुरी, दुरुस्तीचा खर्च अंगावर, आणि अ‍ॅपची भाषा इंग्रजी. त्या आंदोलनाला काहींनी ‘तंत्रज्ञानाला विरोध’ म्हटले. ज्या स्त्रिया साथीत घरोघर फिरून माहिती गोळा करीत होत्या, त्यांना तंत्रज्ञानाचे वावडे होते असे म्हणणे हा शुद्ध अन्याय होता. आशांची गोष्टही अशीच. त्यांना पगार नाही, कामागणिक मोबदला आहे. केंद्राच्या ठरलेल्या यादीत प्राथमिक आरोग्य केंद्रातील मासिक आढावा बैठकीला हजर राहण्याचेही १५० रुपये धरलेले होते. आता बैठक फोनवर झाली आणि वीस मिनिटांनी रेंज गेली, तर ती हजर की गैरहजर? आणि डेटाचे पैसे कोणाचे? शहरातल्या कंपनीत अशा प्रश्नांचे उत्तर एका ओळीच्या ई-मेलने मिळते. इथे त्यासाठी मोर्चा काढावा लागतो.

मग काय करता येईल? शेजारच्या छत्तीसगडमध्ये एक जुना धडा तयार आहे. २०१० साली शुभ्रांशु चौधरी यांनी ‘सीजीनेट स्वर’ हे आवाजाचे व्यासपीठ सुरू केले. साध्या फोनवरून मिस्ड कॉल द्यायचा. यंत्रणा उलट फोन करते. आपले म्हणणे आपल्या भाषेत ध्वनिमुद्रित करायचे किंवा दुसऱ्यांचे ऐकायचे. इंटरनेट नको, वाचता येणे नको, पैसेही नकोत. गोंडी बोलणाऱ्यांना आपल्या भाषेत सार्वजनिकरीत्या बोलण्याची सोय त्यातून मिळाली. दूरच्या बैठकीसाठी चित्र अपरिहार्य आहे, हा आपला शहरी समज आहे. टूजीवरदेखील एका साध्या फोनने एका वेळी पाच जणींना बोलण्यात जोडून घेता येते, आणि ग्रामसंघाच्या पाच-सहा पदाधिकाऱ्यांना एवढे पुरते.

त्याहून महत्त्वाचे, जोडायचे एकेकीला नाही, गटाला. प्रत्येक बाईने आपापल्या घरात फोन धरून बसण्याऐवजी गावातल्या आठ-दहा जणी अंगणवाडीत किंवा समाजमंदिरात जमतील, मध्ये एक फोन किंवा ग्रामपंचायतीचा संगणक असेल, आणि अशी सात-आठ गावे एकमेकांशी जोडली जातील. उंबरठा ओलांडायचे कारण शाबूत राहते, कुजबुजायला शेजारीण राहते, बचत सर्वांसमोर मोजली जाते. वाचतो तो फक्त तालुक्याचा प्रवास. सूचना, नवी योजना, तज्ज्ञाचे व्याख्यान, शेळ्यांच्या लसीकरणाची माहिती हे सारे वरून खाली येणारे काम फोनवर उत्तम होते. कर्जाचा निर्णय, तंटा, नव्या पदाधिकाऱ्यांची निवड आणि नव्या सखीची पहिली ओळख ही कामे समोरासमोरच व्हायला हवीत. वर्षातून निदान दोन-तीनदा तालुक्याला सगळ्याजणींनी जमावे आणि त्या दिवशी विषयपत्रिका मुद्दाम आखूड ठेवावी. जेवणाची सुट्टी मात्र लांब असावी!

विक्रीच्या मेळाव्यांबद्दलही असेच. मुंबईत भरणाऱ्या ‘महालक्ष्मी सरस’सारख्या प्रदर्शनांची जागा संकेतस्थळ अंशतः घेऊ शकते. मोहाचा लाडू किंवा बांबूची वस्तू छायाचित्रावरूनही विकली जाईल. पण गिऱ्हाईक लाडू चाखून तोंड कसे करते, हे पाहून पुढच्या वेळी गूळ कमी करणारी उत्पादक स्त्री प्रदर्शनातच घडते.

वेळेचे गणितही इथल्याच पंचांगाने मांडावे लागेल. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोह वेचायला, मे महिन्यात तेंदूपाने तोडायला आणि जुलैत रोवणीला सगळे घर बाहेर असते. सकाळी अकराची बैठक ही कार्यालयाच्या सोयीची वेळ आहे, सेविकेच्या नव्हे. तेंदूच्या हंगामात दुपारी पाने बांधून झाल्यावरच तिला उसंत मिळते.

आणि पावसाळ्याची सोय आधीच करून ठेवावी लागेल. पर्लकोटेचा जुना ठेंगणा पूल पाण्याखाली गेला की भामरागड आणि पलीकडची शंभरावर गावे जगापासून तुटतात, हे वर्षानुवर्षे घडत आले आहे. नेमकी तेव्हाच फोनवरच्या बैठकीची खरी गरज असते, आणि नेमके तेव्हाच दिवसेंदिवस ऊन नसल्याने सौरऊर्जेवरचे मनोरेही थकतात. म्हणून जुलै-ऑगस्टच्या बैठकांचे निर्णय, औषधांची मागणी आणि गरोदर मातांच्या याद्या जूनच्या पहिल्या आठवड्यात, रस्ता उघडा असतानाच, समोरासमोर बसून उरकून घेतलेल्या बऱ्या.