सेकंदाला पंचवीस स्फोट

सिग्नलला उभी असलेली गाडी नुसती उभी आहे असं आपल्याला वाटतं. पण बाराशे सीसीचं, चार सिलिंडरांचं पेट्रोल इंजिन तेव्हाही मिनिटाला साधारण 750 फेरे घेत असतं. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे सेकंदाला 25 स्फोट! प्रत्येक स्फोटाला लागतं जेमतेम सहा-सात मिलिग्रॅम पेट्रोल. पाण्याचा एक थेंबसुद्धा साधारण 50 मिलिग्रॅमचा असतो. इतका बारीक घास मोजायचा, नेमक्या क्षणी नेमक्या सिलिंडरला भरवायचा, आणि आत बसलेल्याला त्याचा पत्ताही लागू द्यायचा नाही.

हे साधलं नाही की गाडी थरथरते, आरपीएमचा काटा खालीवर होतो, आणि मेकॅनिक म्हणतो, "मिसिंग मारतेय."

गंमत अशी, की हीच गाडी हायवेवर बऱ्याचदा लोण्यासारखी पळते. आयडलिंगला या इंजिनात सेकंदाला दोन-अडीच ग्रॅम हवा जाते. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला तर साठेक ग्रॅम. कुठूनतरी अर्धा ग्रॅम हवा चोरून आत शिरली, तर पळत्या इंजिनाला तिची दखलही नसते. आयडलिंगला मात्र तीच चोरी पाचव्या हिश्श्याएवढी होते. वखारीच्या काट्यावर न दिसणारी गुंज सोनाराच्या काट्यावर लगेच दिसते, तसंच हे.

हा हिशेब सांभाळतो गाडीचा कॉम्प्युटर, ज्याला आपण ईसीयू म्हणतो. त्याला स्वतःला काहीच दिसत नाही. त्याचं सगळं जग सेन्सरांच्या व्होल्टेजमध्ये. काही गाड्यांत येणाऱ्या हवेच्या वाटेवर एक तापलेली बारीक तार असते. हवा तिला थंड करते आणि तिचं तापमान टिकवायला किती वीज लागली, यावरून हवेचं वजन कळतं! हा एमएएफ सेन्सर. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत त्याऐवजी एमएपी सेन्सर असतो. तो सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमधला दाब सांगतो, आणि ईसीयू दाब, तापमान व आरपीएम यांवरून हवेचं वजन गणिताने काढतो.

क्रँक सेन्सर तर आणखी अद्भुत. अनेक इंजिनांत त्याच्यासमोर 58 दात्यांचं चाक फिरतं. दोन दात्यांची जागा मुद्दाम मोकळी, म्हणजे फेरा कुठून मोजायचा ते कळतं. एखादा स्फोट कमजोर झाला की पुढचे दाते क्षणाच्या अगदी लहान अंशाने उशिरा येतात. तेवढ्यावरून ईसीयू ओळखतो, की आळस तिसऱ्या सिलिंडरने केला. स्कॅनरवर कोड येतो पी0303.

आणि सायलेन्सरच्या वाटेवर बसतो ऑक्सिजन सेन्सर. झिर्कोनिया नावाचं सिरॅमिक तीनशे अंशांच्या वर तापलं की त्यातून ऑक्सिजनचे आयन वाहू लागतात, आणि आतल्या-बाहेरच्या ऑक्सिजनच्या फरकातून वीज तयार होते. पेट्रोल जास्त झालं तर साधारण 0.9 व्होल्ट, हवा जास्त झाली तर 0.1. या दोन टोकांत झोके घेत ईसीयू एका भाग पेट्रोलला 14.7 भाग हवा हे प्रमाण राखतो. बॉशने बनवलेला हा सेन्सर 1976 मध्ये पहिल्यांदा व्होल्वोच्या गाडीत अमेरिकेच्या रस्त्यावर आला.

मग गाडी थरथरली की सेन्सर बदलायचा? इथेच खिसा कापला जातो. स्कॅनरवर पी0171, म्हणजे 'मिश्रणात हवा जास्त', असा कोड आला की पुष्कळदा ऑक्सिजन सेन्सरवर गदा येते. तो बिचारा खरं तेच सांगत असतो! हवा खरोखरच जास्त असते. ती शिरतेय कुठून, हा प्रश्न.

उत्तर 'फ्यूएल ट्रिम' नावाच्या आकड्यात सापडतं. ईसीयू ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय वा कापतोय, ते हा आकडा सांगतो. एमएएफवाल्या गाडीत आयडलिंगला तो अधिक वीस असेल आणि 2500 आरपीएमवर शून्याजवळ आला, तर एखादी होज किंवा गॅस्केट फुटलेली असणार. धूर सोडून बघितलं की भोक सापडतं. उलट आरपीएमबरोबर आकडा चढत गेला, तर संशय मळलेल्या तारेवर किंवा दमलेल्या फ्यूएल पंपावर. तार असेल तर तिच्यासाठीच्या स्प्रेने भागतं, बोट मात्र लावायचं नाही. एमएपीवाल्या गाडीत तेच भोक वेगळं सोंग घेतं: शिरलेली हवा दाबात दिसते, ईसीयू तिच्या जोडीला पेट्रोलही देतो, आणि आयडलिंग उगाच चढतं.

एकाच सिलिंडरचा कोड आला, तर त्याची कॉइल शेजारच्याशी अदलाबदल करायची. कोड कॉइलबरोबर सरकला तर कॉइल गेली. जागीच राहिला तर प्लग, इंजेक्टर तपासायचे. कूलंटच्या सेन्सरची परीक्षा तर फुकटात होते. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी कूलंट आणि आत येणारी हवा यांचं तापमान जवळपास सारखं दिसायला हवं. इंजिन नव्वद अंशांवर असताना हा सेन्सर 'वीस' म्हणत राहिला, तर ईसीयू थंड इंजिन समजून पेट्रोल ओततच राहतो. वीस हा आकडा अशक्य नसल्यामुळे 'चेक इंजिन'चा दिवाही लागेलच असं नाही.

दुरुस्तीनंतर गाडी थोडी फिरवली की फ्यूएल ट्रिमचा दीर्घकालीन आकडा, म्हणजे लाँग टर्म ट्रिम, हळूहळू शून्याकडे येतो. तो आधी किती चढला होता, हे आठवून पाहावं. होज चिरली त्या दिवसापासून ईसीयू गुपचूप पेट्रोल वाढवून ती चूक झाकत होता. आपल्याला थरथर जाणवली ती बिघाडाच्या पहिल्या दिवशी नव्हे. त्याची सावरण्याची मर्यादा संपली, त्या दिवशी.