एक एकर, एक अंगठा, एक मत

भिशीचा नंबर लागला की घरात किती बेत सुरू होतात, नाही? कुणाला मिक्सर बदलायचा असतो, कुणाला मुलीच्या नावानं सोन्याचं वळं करून ठेवायचं असतं, तर कुणी ‘राहू दे बँकेत’ म्हणून मोकळी होते. बँकेत गेलेल्या त्या पैशावर पुढं कुणाचं शेत पिकतं आणि कुणाचं गहाण पडतं, हा विचार मात्र आपल्या मनात फारसा येत नाही. माझ्याही आला नव्हता. तो आणला माझ्या थोरल्या जाऊबाईंनी. त्या शिकल्या सातवीपर्यंत. पण पैसा, जमीन आणि बाई यांचं नातं त्यांच्याकडून मला जेवढं कळलं, तेवढं कुठल्या पुस्तकातून कळलं नाही.

नाल्याकाठचा एकर

जाऊबाई धाराशिव जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतात. जमीन कोरडवाहू, आणि ती सगळी सोयाबीनखाली. शेतकऱ्याचं घर, पण डाळ दुकानातून आणायची, भाजी आठवडी बाजारातून. एकदा बचत गटाच्या बैठकीत बाहेरगावच्या एका ताईनं सांगितलं, “घरी एक एकर मागा. त्यात काय पेरायचं ते तुम्ही ठरवा.” जाऊबाईंनी रात्री जेवताना विषय काढला. भाऊजी हसले. म्हणाले, “बगीचा करायचाय का?” दोन महिने रोज तोच विषय निघाल्यावर मिळाला एकदाचा एकर. तोही नाल्याकाठचा, दगडगोट्यांचा, जिथं सोयाबीनही धड येत नव्हतं.

त्यात त्यांनी पावसाळ्यात तूर, मूग, उडीद लावले. बांधाला अंबाडी आणि दोडक्याचे वेल. मधल्या पट्ट्यात भेंडी, गवार, वांगी. थंडीत ज्वारी, हरभरा आणि कडेनं करडई. खत घरचंच. शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन कालवून केलेलं जीवामृत, आणि झाडाखालच्या सावलीत गांडूळखताचा वाफा. पहिल्या वर्षी घरापुरती भाजी निघाली. दुसऱ्या वर्षी डाळ विकत आणावी लागली नाही. तिसऱ्या वर्षी ऐन काढणीत पाऊस कोसळला आणि सोयाबीन शेतातच काळं पडलं. त्या एकरातलं काही गेलं, काही राहिलं. दहा जातींचं पीक एकाच दिवशी बुडत नाही, एवढं साधं गणित त्यात आहे. त्या वर्षी घर त्या एकरावर जेवलं.

ही कल्पना जाऊबाईंची नव्हे, हे त्या आधी सांगतात. मराठवाड्यात ती रुजवली ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेनं. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप तुम्हाला आठवत असेल. त्यानंतरच्या घरबांधणीत गावोगावच्या बायका संवाद सहायक म्हणून पुढं आल्या. त्याच कामातून प्रेमा गोपालन यांनी ही संस्था उभी केली. पुढं दुष्काळानं पाठ धरली, तेव्हा तिथल्या बायकांनी अर्धा-एक एकर मागून घेतला आणि आधी घराला खाऊ घालणारं पीक घेतलं. २०१६ साली संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं ‘इक्वेटर’ पारितोषिक मिळालं. प्रेमाताई २०२२ साली गेल्या. ‘एक एकर’ हा शब्द मात्र आज त्या गावांत रोजच्या बोलण्यातला झाला आहे.

मी जाऊबाईंना विचारलं, “भांडवल कुठून आणलंत?” तर म्हणाल्या, “कर्ज मिळणं सोपं गं. एकर मिळणं अवघड.”

अंगठ्याची किंमत

आता तुम्ही म्हणाल, पिकलं, विकलं, चार पैसे हाती आले. ते ठेवायचे कुठं? तांदळाच्या डब्यात? आपल्या आयांनी तेच केलं. पण डबा घरातल्या सगळ्यांना माहीत असतो! यावर साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या बायकांनी काय केलं, ते ऐकण्यासारखं आहे.

माण म्हणजे कायमचा अवर्षणाचा मुलूख. मुंबईत वाढलेल्या, अर्थशास्त्र शिकलेल्या चेतना गाला-सिन्हा लग्नानंतर म्हसवडला राहायला आल्या. तिथं लोहारकाम करणारी एक बाई त्यांना भेटली. पावसाळ्याआधी झोपडीवर घालायला प्लॅस्टिकचा कागद घ्यायचा, म्हणून तिला रोज थोडे पैसे साठवायचे होते. बँकेनं खातं उघडलं नाही. रक्कम फारच किरकोळ म्हणून. मग चेतनाताईंनी ठरवलं, आपणच बँक काढायची. रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला. तो नामंजूर झाला, कारण सभासद बायका निरक्षर, अर्जावर अंगठे!

बायका रडत बसल्या नाहीत. रात्रीचे वर्ग लावून लिहायला-वाचायला शिकल्या आणि पुन्हा अधिकाऱ्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “आम्हाला मुद्दल सांगा, दर सांगा. आम्ही व्याज तोंडी काढतो. तुमच्या माणसांनाही यंत्राशिवाय काढायला सांगा.” १९९७ साली परवाना मिळाला आणि माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. ग्रामीण बायकांनी बायकांसाठी काढलेली देशातली पहिली बँक म्हणून ती ओळखली जाते.

त्या बँकेची माणसं बाजारात, दारात येऊन पैसे घेऊ लागली. पण बायकांनी दुसरीच अडचण सांगितली: “पासबुक घरात नको. नवऱ्यानं पाहिलं तर पैसे जातात.” मग कार्डाची सोय झाली. त्याचा गुप्त आकडाही कुणी काढून घेईल, अंगठा कोण चोरणार, असं बायकांचं म्हणणं पडलं. गंमत पाहा, ज्या अंगठ्यापायी अर्ज परत आला, तोच अंगठा पुढं तिजोरीची किल्ली झाला!

एक प्रसंग मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात एक बाई बँकेत सोनं गहाण टाकायला आली. कशासाठी? जनावरांच्या चाऱ्यासाठी. अंगावरचं सोनं दिलं, पण गोठ्यातली गाय विकली नाही. कारण गाय गेली की दूध गेलं, खत गेलं, आणि उद्या पाऊस पडला तरी शेत उभं करायला काही उरत नाही. त्यावरून संस्थेनं म्हसवडला चारा छावणी उघडली. शेतीला पैसा कोणत्या वेळी लागतो आणि कशासाठी लागतो, हे त्या बाईला कळत होतं. तिला गरज होती ती तिचं म्हणणं ऐकून घेणाऱ्या बँकेची.

द्राक्षं आणि परदेशचा पैसा

घरापुरता एकर पुरतो, हातउसन्या गरजांना छोटी बँक पुरते. पण माल दूरच्या बाजारात पाठवायचा तर मोठं भांडवल लागतं. द्राक्षाचंच पाहा. घड खुडल्यापासून काही तासांत थंड करावा लागतो, नाहीतर देठ सुकतो आणि भाव पडतो. शीतगृह, पॅकहाउस, फवारणीचा अंश तपासणारी प्रयोगशाळा, हे एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातलं नव्हे. २०१० साली क्लोरमेक्वाट नावाच्या वाढ-संजीवकाचा अंश सापडला म्हणून युरोपात गेलेली आपली द्राक्षं अडकून पडली, तेव्हा कित्येक बागायतदारांना हे फार महागात कळलं.

नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडी इथं विलास शिंदे आणि त्यांच्या सोबत्यांनी शेतकऱ्यांचीच एक कंपनी काढली होती, ‘सह्याद्री फार्म्स’. शेतकऱ्यांच्या अशा उत्पादक कंपन्यांसाठी २००२ साली कायद्यात दुरुस्ती झाली. त्यात एक फार सुंदर नियम आहे. कंपनीचे सभासद शेतकरीच असायचे, आणि शेअर एक असो की शंभर, माणसाला मत एकच. पैसेवाल्याचं मत जड नाही.

याच सह्याद्रीत सप्टेंबर २०२२ मध्ये युरोपातल्या चार गुंतवणूकदारांनी मिळून ३१० कोटी रुपये घातले. बेल्जियमच्या इन्कोफिन आणि कोरिस, नेदरलँड्सची एफएमओ आणि फ्रान्सची प्रोपार्को. या तऱ्हेच्या पैशाला ‘इम्पॅक्ट इन्व्हेस्टमेंट’ म्हणतात. २००७ साली इटलीतल्या बेलाजिओ इथं भरलेल्या एका बैठकीत हे नाव पडलं. दान नव्हे, कारण पैसा परत हवा असतो. आणि सावकारी नव्हे, कारण त्यातून माणसांचं आणि जमिनीचं भलं झालं की नाही, याचा हिशोबही मागितला जातो. उत्पादक कंपनीत बाहेरच्यांना सभासद होता येत नाही, म्हणून हा पैसा माल टिकवण्या-विकण्याचं काम करणाऱ्या तिच्या उपकंपनीत आला. मूळ कंपनीचे सभासद शेतकरीच राहिले.

यात शंका घ्यायला जागा नाही असं नव्हे. असा गुंतवणूकदार कधी ना कधी आपला वाटा विकून बाहेर पडतो. तेव्हा तो वाटा कोण घेणार? आणि निर्यातीच्या द्राक्षाला पाणी, फवारणी, मजुरी यांचा केवढा बोजा असतो, ते बागेत राबणाऱ्या बायकांना विचारा. पैसा चांगला की वाईट, हे तो कुठून आला यावर ठरत नाही. तो आल्यावर निर्णय कुणाच्या हाती राहिला, यावर ठरतं.

सातबाऱ्यावर कुणाचं नाव?

आणि इथंच जाऊबाईंच्या गोष्टीचा शेवट सांगायचा राहिला आहे. त्यांच्या गावाजवळही एक उत्पादक कंपनी निघाली. डाळ करून विकायची, नफा सभासदांत वाटायचा. जाऊबाई हौसेनं शेअरचे पैसे पदरात बांधून गेल्या. टेबलामागच्या मुलानं विचारलं, “सातबारा आणलाय का?” आणला होता. त्यावर नाव भाऊजींचं. “मग काकांना पाठवा,” तो म्हणाला. त्याचाही काही दोष नव्हता. शेतकरी असल्याचा पुरावा म्हणून कागद तोच चालतो. भाऊजी गेले, सही केली, सभासद झाले. सभेचं बोलावणं आता त्यांच्या नावानं येतं.

त्या रात्री जाऊबाईंचा फोन आला. एवढंच म्हणाल्या, “एकर माझा, घाम माझा, आणि मत ह्यांचं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे आहे? २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशात शेत कसणारे म्हणून ज्यांची नोंद झाली, त्यांत शंभरांत साधारण १४ बायका होत्या. निंदणी, खुरपणी, वेचणी करणाऱ्या हातांशी हा आकडा ताडून पाहा. चांदवडला १९८६ साली शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनाला बायका लोटल्या होत्या. पुढं शरद जोशींनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली. बायकोच्या नावानं जमीन करा, आणि ज्या गावात शंभर कुटुंबं असं करतील, ते गाव लक्ष्मीमुक्तीचं. तेव्हा अनेकांनी हौसेनं जमीन नावावर केलीही. ते काम अर्धं राहिलं, आणि आता कोट्यवधींची गुंतवणूक शेतीत येते आहे, तेव्हा ते अर्धेपण बोचतं. कारण नाव नाही तर सभासदत्व नाही, सभासदत्व नाही तर मत नाही, आणि मत नाही तर पैसा कितीही चांगल्या हेतूनं आला तरी तो दारावरून पुढं जातो.

भाऊजी तसे समजूतदार. त्यांनी स्वतःच विषय काढून तो एकर जाऊबाईंच्या नावावर करायचा अर्ज तलाठ्याकडे दिला आहे. फेरफार अजून व्हायचा आहे. जाऊबाई दर सोमवारी चौकशीला जातात.

आपण काय करायचं?

शहरात राहून आपला काय संबंध, असं म्हणू नका. या चार गोष्टी आपल्याला सहज जमतील.

सातबारा पाहा. माहेरची, सासरची जमीन असेल तर तिचा उतारा आता घरबसल्या संगणकावर दिसतो. २००५ च्या कायद्यानं वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा जन्मानंच वाटा आहे, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयानंही तो पक्का केला. भावावर माया जरूर करा; पण साडीचोळीच्या बदल्यात हक्कसोडपत्रावर सही करण्यापूर्वी एक रात्र विचार करा.

ठेव कुठं ठेवता ते तपासा. बँक सहकारी असली तरी ठेवविम्याखाली असेल, तर प्रत्येक ठेवीदाराच्या पाच लाखांपर्यंतच्या रकमेला संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नसतो. जास्त व्याजाच्या मोहात पडण्यापूर्वी हा फरक लक्षात ठेवा.

‘सामाजिक’ शब्दाला भुलू नका. सोशल स्टॉक एक्स्चेंजवर काही संस्थांचे रोखे मिळतात. त्यांवर व्याज नसतं आणि मुद्दलही परत येत नाही. दान म्हणून उत्तम. मुलीच्या शिक्षणासाठी साठवलेल्या पैशांची ती जागा नव्हे.

खरेदी करताना विचारा. बायकांच्या गटाची डाळ, ज्वारी, हळद थेट मिळत असेल तर वर्षाची बेगमी तिथून भरा. आणि विक्रेत्याला एक प्रश्न जरूर करा: “तुमच्या कंपनीत बायका सभासद किती?” पाच जणींनी विचारलं की सहावीला उत्तर तयार मिळेल.

परवा जाऊबाईंनी तूरडाळ पाठवली, त्या नाल्याकाठच्या एकरातली. जात्यावर भरडलेली, थोडी जाडसर. शिजायला जरा वेळ लागतो, पण वरणाला चव अशी की मुलांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं. पिशवीत चिठ्ठी होती: “पुढच्या सोमवारी या म्हणालेत.” मी फोन करून सांगितलं, पुढच्या सोमवारी तुमच्याबरोबर मीही येते.