पेसमेकर तोच, मग आजोबांनाच का नाही?



गेल्या दिवाळीनंतर आमच्या आजोबांना तीन तारांचा पेसमेकर बसवला. त्याच आठवड्यात शेजारच्या खाटेवरच्या काकूंनाही. तीन महिन्यांत काकू दोन जिने चढायला लागल्या, आजोबांना मात्र बाथरूमपर्यंत जाऊनही धाप लागायची. "तू इंजिनीअर ना गं? बघ, माझं मशीन डिफेक्टिव्ह निघालंय का!" माझी बोलती बंद. (पाचवं सेमिस्टर, इन्स्ट्रुमेंटेशन!) मग वाचायला बसले.

साधा पेसमेकर मंद चालणाऱ्या हृदयाला ठोका देतो. हा वेगळा, ह्याला सीआरटी म्हणतात. होस्टेलवर दोघींनी ओली चादर पिळताना एकीने पीळ दिला की दुसरीने सैल सोडली, तर पाणी निघेल का? हार्ट फेल्युअरच्या काही पेशंट्सचं असंच होतं. डावीकडे करंट नेणारी शाखा बंद पडते (लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक). मग मधला पडदा आधी आकुंचन पावतो आणि बाहेरची भिंत मागाहून. बरीच ताकद आतल्या आत वाया जाते. सीआरटीची एक तार हृदयावरच्या शिरेतून त्या उशिरा जाग्या होणाऱ्या भिंतीपर्यंत नेतात आणि दोन्ही बाजूंना जवळपास एकदमच पल्स देतात.

म्हणजे मशीन टायमिंग सुधारतं. गोम इथेच आहे! टायमिंग फारसं चुकलेलंच नसेल तर ते सुधारणार काय? ही चूक ईसीजीवर दिसते. क्यूआरएस नावाचा टोकदार भाग किती रुंद आहे ते बघायचं. कागदावरचं एक बारीक घर ४० मिलिसेकंदांचं. रुंदी १५० किंवा जास्त, म्हणजे निदान पावणेचार घरं, आणि ब्लॉक डावीकडचा, तर फायद्याची शक्यता चांगली. उलट २०१३ साली इको-सीआरटी ही चाचणी मध्येच थांबवावी लागली. तिच्यात १३० पेक्षा कमी रुंदीचे पेशंट होते, आणि ज्यांचं मशीन चालू ठेवलं त्यांच्यातच मृत्यू जास्त झाले. बायकांना फायदा जास्त होतो असंही दिसलंय. त्यांचं हृदय लहान, त्यामुळे तेवढाच उशीर तिथे मोठा ठरतो, असं एक स्पष्टीकरण देतात.

काकूंच्या मुलीने फाईल दाखवली. रुंदी १६८, अटॅक कधीच नाही. आजोबांची १३८, शिवाय जुन्या अटॅकचा व्रण नेमका बाहेरच्या भिंतीवर. व्रणातून करंट नीट पसरत नाही आणि तेवढा भाग आकुंचनही पावत नाही. तिथे पल्स देणं म्हणजे फ्यूज उडालेल्या खोलीत बटण दाबत बसणं. ढोबळमानाने तीनातल्या एका पेशंटला सीआरटीचा फारसा उपयोग होत नाही, आणि आमचे आजोबा त्यातलेच असावेत, हे मला तेव्हा कळलं. त्यांना सांगायचं कसं, ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

पण एक गोष्ट हातातली निघाली. हृदयाने मध्येच स्वतःचे जादा ठोके टाकले की मशीनची पाळी हुकते. किती टक्के ठोके मशीनने दिले ह्याचा हिशेब ते स्वतःच ठेवतं. फेब्रुवारीच्या चेकअपला आकडा निघाला ८६. आजोबा खूश, "डिस्टिंक्शन की गं!"

"आजोबा, इथे ९८ च्या वर लागतात."

"मग तुमच्या युनिव्हर्सिटीपेक्षा कडक आहे," म्हणाले, आणि जादा ठोक्यांची नवी गोळी त्यांनी मुकाट्याने खिशात टाकली. पुढचं चेकअप मे महिन्यात आहे.