स्ट्रोकनंतर स्टेम सेल: उंदीर सुधारले, माणसांचं काय?

स्टेम सेल दिल्यावर स्ट्रोकचे उंदीर सुधारतात, हे खरंय. पण बहुतेक प्रयोगांतले उंदीर तरणेबांड! माणसांना अर्धांगवायूचा झटका येतो तो बहुधा उतारवयात. तेव्हा मेंदूतला दाह जास्त रेंगाळतो आणि ज्या अस्थिमज्जेतून स्टेम सेल घेतात, तिच्यातल्या पेशीही वयस्क झालेल्या असतात.

दिल्लीच्या एम्सच्या पुढाकाराने भारतात 120 रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना त्यांच्याच अस्थिमज्जेतल्या सरासरी 28 कोटी पेशी शिरेतून दिल्या. (28 कोटी!) सहा महिन्यांनी दोन्ही गट सारखेच. 2014 मध्ये निकाल छापून आला: पद्धत सुरक्षित, फायदा नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार स्ट्रोकसाठी हा उपचार फक्त चाचणीतच देता येतो. कुणी ‘पॅकेज’ सांगितलं तर चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा. फिजिओथेरपी मात्र थांबवू नका.