आधी कागद, मग वायर

विरार पूर्वेच्या मनवेलपाड्यात चाळी, चार-पाच मजली इमारती आणि रस्त्याकडेचे गाळे एकमेकांना खेटून उभे आहेत. इथल्या वन रूम किचनमध्येही आता फ्रिज, मिक्सर, इस्त्री, गीझर आणि अनेकदा एसी असतो. जुन्या घरांतले वायरिंग मात्र ट्यूबलाइट, पंखा आणि टीव्हीपुरते केलेले. नवी वस्तू आली की जवळच्या बोर्डातून एक पॉइंट ओढायचा, दिवा लागला की काम झाले असे समजायचे, ही रीत सगळीकडेच रूढ आहे. वायरिंग हे हाताचे कसब खरेच. पण त्याआधी ते कागदावरच्या आखणीचे काम आहे. ती आखणी शिकवायला, शिकायला आणि तिचे मोल द्यायला आपण कमी पडतो.

आखणीची सुरुवात लोडच्या यादीने होते. दिवे 50 वॉट, दोन पंखे 150, टीव्ही 100, फ्रिज 200, मिक्सर 700, इस्त्री 1000, गीझर 2000, एसी 1600. बेरीज 5800 वॉट. तिला 230 व्होल्टने भागले की साधारण 25 अँपिअर येतात. सगळे एकाच वेळी चालत नाही, म्हणून मेनसाठी थोडी सूट धरता येते. पण प्रत्येक सर्किटला त्याचा पूर्ण भार झेपलाच पाहिजे. दिव्या-पंख्यांच्या एका सर्किटवर दहा पॉइंट किंवा 800 वॉट, ही पाठ्यपुस्तकातली जुनी मर्यादा आजही उपयोगी आहे. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची वायर, पॉवर पॉइंटला अडीचची, गीझर किंवा एसीला चारची आणि प्रत्येकी स्वतंत्र सर्किट, हा नेहमीचा ठोकताळा. यामागचे कारण साधे आहे. प्रवाह दुप्पट झाला की वायरीतली उष्णता चौपट होते, आणि भिंतीत गाडलेल्या पाइपातून ती लवकर बाहेर पडत नाही.

यापुढचा धडा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित. एमसीबी, म्हणजे प्रवाह जादा झाला की आपोआप पडणारा स्विच, वायरीला वाचवतो. माणसाला वाचवण्यासाठी तो पुरा पडत नाही. ओल्या अंगाचा रोध हजार ओहम धरला, तर 230 व्होल्टला शरीरातून 230 मिलिअँपिअर प्रवाह जातो. तेवढा जीव घ्यायला पुरेसा आहे, पण 16 अँपिअरच्या एमसीबीला तो जाणवतही नाही. अर्थिंग केले म्हणजे भागले, हाही अर्धाच दिलासा. समजा इमारतीच्या अर्थिंगचा रोध 5 ओहम आहे आणि फ्रिजच्या पत्र्याला फेज लागला. जमिनीत जाणारा प्रवाह फार तर 46 अँपिअर. 32 अँपिअरचा एमसीबी तासाभरात हमखास पडायला त्याच्या 1.45 पट, म्हणजे 46.4 अँपिअर लागतात. तोवर फ्रिजचा पत्रा जिवंत राहू शकतो. म्हणून अर्थिंगच्या जोडीला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पुरता परतला नाही, की तो क्षणार्धात पुरवठा तोडतो.

हे शिकण्याच्या वाटा महाराष्ट्रात आहेत. आयटीआयमध्ये वीजतंत्री आणि तारतंत्री हे दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालतात. पुण्याजवळ पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून शाळांत गेलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले घरगुती वायरिंग स्वतःच्या हातांनी करतात. नियमही आहेत. 1956 च्या भारतीय वीज नियमांपासून परवानाधारक कंत्राटदार आणि प्रमाणित पर्यवेक्षकाची अट आहे. 2003 च्या वीज कायद्यानंतर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने 2010 मध्ये सुरक्षेचे विनियम काढले आणि 2023 मध्ये ते नव्याने केले. आयएस 732 मध्ये वायरिंगची आणि आयएस 3043 मध्ये अर्थिंगची संहिता आहे.

तरी गल्लीत काम करणारा बराचसा कारागीर उस्तादाच्या हाताखाली शिकलेला असतो. त्याची मजुरी पॉइंटमागे ठरते. लोडची यादी, सर्किटचा आराखडा, मेगर या इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राने केलेली तपासणी यांचे वेगळे पैसे कुणी देत नाही. जे विकले जात नाही ते शिकण्याचे कारण उरत नाही. गाडे इथेच अडते.

आखणीत जागेचाही विचार यावा लागतो. जुलै 2018 च्या पावसात वसई-विरार पाण्याखाली गेले आणि वीजपुरवठा बंद ठेवावा लागला. जिन्याखालचे मीटर, तळमजल्यावरचा पंप आणि त्याचा स्टार्टर पाण्याच्या पातळीच्या वर घेणे, हा इथल्या अभ्यासाचा भाग असायला हवा. आखणीइतकीच शेवटची तपासणीही महत्त्वाची. 2021 मध्ये 9 जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आगीने दहा अर्भकांचा बळी घेतला; 23 एप्रिलला विरार पश्चिमेच्या विजय वल्लभ रुग्णालयाचा अतिदक्षता विभाग जळाला. दोन्ही वेळा विद्युत तपासणीची चर्चा झाली. ती दुर्घटनेनंतर नव्हे, काम संपल्याच्या दिवशीच व्हायला हवी. मेन बंद करून 500 व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन मोजायचे, ते किमान एक मेगाओहम यावे. फेज स्विचमधूनच जातो ना, हे पाहायचे. अर्थची तार प्रत्येक सॉकेटपर्यंत सलग आहे ना, हे तपासायचे.

उपाय आवाक्यातले आहेत. आयटीआयच्या शेवटच्या परीक्षेत एका खऱ्या खोलीची पूर्ण आखणी मागावी. उस्तादांसाठी संध्याकाळचे मराठी वर्ग निघावेत. सोसायट्यांनी प्रत्येक घराचा लोड, सर्किटचा आराखडा आणि तपासणीचे आकडे फाइलमध्ये ठेवावेत. आणि घरमालकांनी वायरमनला पॉइंटच्या दराआधी आराखडा मागावा व त्याचे पैसे वेगळे मोजावेत. ज्या दिवशी आखणीला दाम मिळू लागेल, त्या दिवसापासून ती शिकणारेही मिळतील.