घरची हलकी गाडी : इंजिनाआधी ब्रेक ठरवा

(ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग)



लागणीच्या नोंदी घेत फिरताना एका सभासदाच्या वस्तीवर गेलो, तर गोठ्याशेजारी चौकोनी पाइपची एक चौकट उभी दिसली. सीटच्या मागे जुन्या रिक्षाचे इंजिन, खाली भंगारातून आणलेली चार चाके. थोरला मुलगा आयटीआय झालेला. तो म्हणाला, "साहेब, इंजिन बसलं, स्टेअरिंग बसलं. ब्रेक तेवढा राहिलाय. मागच्या दोन चाकांना स्कूटरचा लावला तर भागंल का?"

आम्ही सरळ सांगितले, "भागणार नाही." का भागणार नाही, हे सर्वांनाच कळावे म्हणून हा लेख. आम्ही शेतकीचे माणूस. तरी वर्कशॉपमधील मिस्त्रींबरोबर बसून, हिशेब करून मगच लिहीत आहोत.

अशी गाडी बांधणे ही काही वाईट खोड नव्हे. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील सामानातून छोटी जीप तयार केली. २०२१ च्या डिसेंबरात ती देशभर गाजली आणि २०२२ च्या जानेवारीत त्या जीपच्या बदल्यात महिंद्र कंपनीने त्यांना बोलेरो दिली. आपल्या पोरांच्या हातात कसब आहे, याबद्दल शंका नाही. पण गाडी पळवणे जितके सोपे, तितके तिला थांबवणे सोपे नाही.

वजन पुढे येते, ते कसे?

भरलेली टायरगाडी कालव्याच्या पुलावरून उतरताना काय होते, ते गाडीवानाला विचारा. उतारावर सारा भार पुढे सरकतो आणि जू बैलांच्या मानेवर दाबते. मोटारीत ब्रेक दाबला की हेच घडते. पुढचा भाग खाली बसतो, मागचा उचलतो. पुढच्या चाकांवर भार वाढला म्हणजे त्यांची रस्त्यावरची पकड वाढते, मागच्यांची तितकीच कमी होते.

हिशेब मांडून पाहू. गाडी ४५० किलो आणि दोन माणसे १५० किलो, असे एकूण ६०० किलो धरा. माणसे बसल्यावर पुढे ३०० व मागे ३०० किलो. दोन्ही आसांतील अंतर सहा फूट आणि भाराचा मध्य जमिनीपासून अर्धा मीटर. कोरड्या डांबरीवर जोरात ब्रेक दाबला, तर सुमारे ११५ किलो भार मागून पुढे जातो. म्हणजे पुढे ४१५ आणि मागे १८५ किलो. थांबवण्याचे जवळजवळ सत्तर टक्के काम पुढच्या चाकांचे झाले. ब्रेक फक्त मागे लावला, तर हे सत्तर टक्के आपण आपल्या हाताने सोडून दिले, असा त्याचा अर्थ.

ताशी ४० किलोमीटर वेगाची ही गाडी चारही चाकांना चांगला ब्रेक असेल तर साधारण ९ मीटरमध्ये थांबेल. फक्त मागे ब्रेक असेल तर २१-२२ मीटर लागतील. पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो, त्यात आणखी ११ मीटर गाडी पुढे गेलेलीच असते. शिवाय वेग दुप्पट झाला तर थांबण्याचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते, हे विसरू नये.

मग निवड कशी करावी?

पहिली गोष्ट : चारही चाकांना ब्रेक हवा आणि तो तेलाच्या दाबावर चालणारा हवा. स्कूटरचा केबलचा ब्रेक एका चाकाला ठीक आहे. दोन चाकांना दोन केबली लावल्या, तर एक ताणते, दुसरी सैल पडते आणि गाडी एका अंगाला ओढते. तेलाचा दाब मात्र एका नळीत दोन्हीकडे सारखा जातो.

दुसरी गोष्ट : सुटे सुटे भाग गोळा करू नका. एकाच हलक्या मोटारीचा पूर्ण संच घ्या. मारुती ८०० ची गाडी २०१४ पासून बनत नाही, पण तिचे जुने सामान अजून मिळते. तिला पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो. हलक्या गाडीला हीच जोडी बरी. डिस्कवरचे पाणी-चिखल लवकर झटकला जातो आणि मागच्या ड्रमला हॅन्डब्रेक जोडणे सोपे जाते. ओढ्यातून गाडी काढल्यावर मात्र ड्रममध्ये पाणी राहते. हळू चालवत दोन-चार वेळा ब्रेक दाबून तो वाळवावा.

तिसरी गोष्ट : मास्टर सिलिंडर मोठा म्हणजे ब्रेक जोरदार, ही समजूत चुकीची आहे. पायाचा जोर ३० किलो आणि पेडलची दांडी पाचपट, तर पिस्टनवर १५० किलो जोर येतो. सिलिंडर १९ मिलिमीटरचा असेल तर तेलात चौरस सेंटिमीटरला सुमारे ५३ किलो दाब होतो. २५ मिलिमीटरचा घेतला तर तोच दाब ३० वर येतो. बारीक सिलिंडरने दाब वाढतो, पण पेडल जास्त खाली जाते. म्हणून ज्या संचाचा जो सिलिंडर, तोच ठेवावा. दोन कप्प्यांचा घ्यावा, म्हणजे एक नळी फुटली तरी दुसरी निम्मे काम करते. घाबरलेला माणूस ७०-८० किलो जोराने पेडल दाबतो. तेव्हा पेडलची बैठक पातळ पत्र्यावर नको, मुख्य चौकटीवर वेल्ड करा.

चौथी गोष्ट : मागची चाके पुढच्यांच्या आधी जाम होता कामा नयेत. मागची आधी जाम झाली की गाडी गर्रकन फिरते. पुढची आधी जाम झाली तर ती निदान सरळ तरी घसरते.

पाचवी गोष्ट : ब्रेकच्या टाकीत इंजिनचे तेल कधीही ओतू नका. त्याने आतले रबर फुगते. ब्रेकचे खास तेल मिळते, तेच वापरा. तेही हवेतील ओल शोषते, म्हणून दोन वर्षांनी बदलावे. पेडल स्पंजासारखे लागले तर नळीत हवा आहे, ती काढून घ्या. पेडल मिनिटभर दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल, तर कुठेतरी गळती आहे असे समजा.

मोकळ्या शेतात आधी ताशी १० आणि मग २० च्या वेगाने परीक्षा घ्या. टायरचे वण पाहा. इंदूरजवळच्या पीथमपूरला २००७ पासून अभियांत्रिकीच्या मुलांच्या घरबांधणीच्या गाड्यांची बाहा नावाची स्पर्धा भरते. तिथेही चारही चाके जाम करून दाखवल्याशिवाय गाडीला शर्यतीत सोडत नाहीत.

रस्त्याचे काय?

अशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२६ व्या नियमाप्रमाणे नव्या गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. नोंदणी नाही, तर विमाही नाही. तेव्हा ती आपल्या शिवारापुरतीच ठेवावी.

हे आम्ही पुस्तकी सांगत नाही. डिप्लोमाला असताना आम्ही चौघा मित्रांनी अशीच एक गाडी बांधली होती. ब्रेक फक्त मागे. 'आपला मुलूख सपाट, ब्रेकला काय एवढं?' असे आम्हीच म्हणत होतो. कालव्याच्या भरावावरून उतरताना गाडी फिरली आणि एका मित्राचा पाय मोडला. तो आजही लंगडतो. भेटला की हसून बोलतो, पण आम्हाला त्याच्या पायाकडे बघवत नाही.

जाता जाता ऊस वाहतूकदारांसाठी एक गोष्ट. बहुतेक ट्रॅक्टरला ब्रेक मागच्या दोन चाकांनाच असतो आणि डाव्या-उजव्या चाकाचे पेडल वेगळे असते. रस्त्यावर येण्यापूर्वी दोन्ही पेडले एकमेकांना कडीने जोडा. एकच दाबले गेले, तर मागच्या दोन भरल्या ट्रॉल्या ट्रॅक्टरला आडवे लोटतात. हंगाम सुरू होण्यापूर्वी ब्रेक तपासून घ्या आणि रिफ्लेक्टर लावा.

वस्तीवरच्या त्या पोराने आता जुन्या मारुतीचा संच आणला आहे. गाडी दोन महिने उशिरा तयार होईल. होऊ द्या. ऊस चार दिवस उशिरा तुटला तर उताऱ्यात थोडाफार फरक पडतो, माणूस मात्र एकदाच असतो.